झडीच्या तोंडचं दार

पश्चिमेकडं तोंड असलेल्या दाराचं आयुष्य आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात पावसाळ्यांवर मोजतात. मृगाचा पाऊस बहुधा सरळ पडतो, त्याला पुढं काढलेली कौलांची पडवी पुरते. आर्द्रा लागली की मात्र जांबोटी-कणकुंबीच्या बाजूनं वारा सुटतो आणि पाऊस आडवा होतो. ही झड अंगण ओलांडून सोप्यात शिरते आणि दाराचा खालचा हातभर भाग आठवडेच्या आठवडे वाळू देत नाही. दिवाळीनंतर तेच दार दुपारपासून सूर्य बुडेपर्यंत उन्हात तापतं. होळीच्या सुमाराला हवा इतकी कोरडी होते की सकाळी घातलेले पापड जेवणवेळेपर्यंत कडकडीत वाळलेले असतात. दाराच्या आतल्या अंगाला माजघराची सावली आणि चुलीची ऊब, बाहेरच्या अंगाला हे असं. घरातलं दुसरं कुठलंच लाकूड इतकं सोसत नाही.

आमच्या घराला आधी बाजारातून आणलेलं तयार फ्लश दार होतं. वरून सागवानी कागद, आत चिकटवलेले थर. दिसायला गुळगुळीत. काही पावसाळ्यांत त्याचा खालचा काठ फुगला, मग थर सुटले आणि शेवटी आईनं खालच्या बाजूला पत्रा मारून घेतला. अशा दाराचा दोष एवढाच की ते खोलीच्या आतलं दार आहे, त्याला बाहेर उभं केलं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच घरांत हेच झालंय, आणि आता तिथं लोखंडी दारं बसलीत. लोखंडी दाराला मी नावं ठेवत नाही. पाऊस ते सोसतं. पण ज्या मुलखात सागवान, मत्ती, जांभा, किंदळ ही झाडं अंगणापलीकडं उगवतात तिथल्या घराचं तोंड लाकडाचं असावं असं मला मनापासून वाटतं. म्हणून परसातला रिकामा गोठा झाडून घेतला, जुन्या वाशांचं जाडजूड टेबल केलं आणि कामाला लागलो.

माझा धंदा लोखंडाचा. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकामाचे आणि यंत्रांचे कारखाने आहेत, तिथं माझी नोकरी झाली. आमच्याकडं मिलिमीटरचा शंभरावा भाग चुकला तरी नग बाजूला काढतात. लोखंडही हलतं, उष्णतेनं वाढतं. पण मीटरभर पोलाद दहा अंश तापलं तर वाढतं साधारण ०.१२ मिलिमीटर. ही सवय घेऊन लाकडाकडं आलं की पहिल्यांदा हिशेबच बदलावा लागतो. लाकूड उष्णतेनं नाही, ओलीनं हलतं, आणि एकाच दिशेनं हलतं. लांबीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. रुंदीत मात्र पडतो, आणि तो डोळ्यांना दिसेल इतका असतो.

मी ते गणित वहीत मांडून पाहिलं. लाकडातल्या पाण्याचं प्रमाण एका टक्क्यानं बदललं की साध्या चिरलेल्या सागवानी फळीची रुंदी हजार मिलिमीटरमागं सुमारे १.९ मिलिमीटरनं बदलते. तीच फळी ओंडक्याच्या मध्यापासून सालीकडं, म्हणजे वर्तुळांना काटकोनात चिरलेली असेल तर फरक जवळजवळ निम्मा होतो. आमच्याकडं श्रावणातली हवा आणि चैत्रातली हवा यांच्यामध्ये दाराच्या लाकडात सहा टक्क्यांचा फरक धरून चालावंच लागतं. माझं दार ३७ इंच रुंद. नुसत्या फळ्या एकमेकींना घट्ट चिकटवून ते केलं असतं तर पावसाळ्यात ते एक सेंटीमीटरहून थोडं जास्तच रुंद झालं असतं. एवढी जागा कुठलीच चौकट देत नाही. दार अडकतं, मग कुणीतरी रंधा मारून कड घासतं, आणि मार्चमध्ये त्याच कडेला बोट जाईल एवढी फट पडते. गावोगावी दारांचं हेच रडगाणं ऐकू येतं, आणि दोष लाकडाला दिला जातो.

यावर जुन्या लोकांनी काढलेली तोड म्हणजे चौकटीतल्या पॅनेलचं दार. दोन उभ्या पट्ट्या, त्यांच्यामध्ये आडव्या पट्ट्या, आणि त्या सांगाड्याच्या खोबणीत सैल बसवलेली पॅनेलं. आडव्या पट्ट्यांची लांबी दाराच्या रुंदीत जाते, आणि लांबी तर हलत नाही. म्हणजे दाराची रुंदी बदलायला उरतात फक्त दोन उभ्या पट्ट्या. त्या प्रत्येकी पाच इंचांच्या घेतल्या, तर एक सेंटीमीटरचा तो फरक तीन मिलिमीटरच्या आत येतो. पॅनेलं त्यांची ती खोबणीत पुढं-मागं होत राहतात, कुणाला ढकलत नाहीत. हे कळल्यावर मी जुनी दारं वेगळ्या नजरेनं पाहायला लागलो. माझ्या आजोळी चंदगडच्या बाजूला वाड्याला दोन झडपांचं दार होतं. लहानपणी वाटायचं, बैलगाडीतून उतरलेला माल आत न्यायला ते दुहेरी ठेवलंय. तेही असेलच. पण दोन झडपांचं दार मधोमध हलतं, प्रत्येक झडपेच्या वाट्याला निम्मीच रुंदी येते आणि मधल्या पट्टीखाली ती हालचाल झाकली जाते. ते दार लाकडी खुंटावर फिरायचं, वर-खाली, बिजागरी नसलेलं. गंजायला त्यात काही नव्हतंच.

लाकूड कुठून आणायचं हा पुढचा प्रश्न. दांडेलीच्या सरकारी डेपोत सागवानाचे लिलाव होतात, बेळगावच्या वखारींत चिरलेला माल मिळतो. पण दारासाठी मला हवं होतं वाळलेलं लाकूड, आणि ताजा सागवान वाळायला वेळ खातो. शहरात शहापूर, टिळकवाडीकडची जुनी घरं पाडली जातात तेव्हा त्यांच्या तुळया निघतात. माझ्या एका काकांचं घर असंच उतरवलं आणि त्यातल्या तुळया मी मागून घेतल्या. कित्येक दशकं कौलाखाली राहिलेलं ते लाकूड. त्यातलं पाणी केव्हाच घरातल्या हवेशी जुळलेलं होतं. वरून काळंकुट्ट, धुरानं माखलेलं. रंध्याचा पहिला हात फिरला आणि आतून मधाच्या रंगाचा सागवान उघडा झाला. गोठाभर त्याचा चामड्यासारखा तेलकट वास पसरला. तो वास अजून माझ्या कामाच्या सदऱ्याला आहे.

जुन्या तुळईत खिळे असतात, आणि तेही डोकं तुटलेले. रंध्याच्या पात्याला असा एक खिळा पुरे. सबंध तुळईवरून लोहचुंबक फिरवून, खडूनं खुणा करून, पकडीनं आणि पटाशीनं कोरून खिळे काढणं हे कंटाळवाणं काम होतं, पण ते टाळता येत नाही. जिथं खिळा होता तिथं सागवानात निळसर काळा डाग उतरलेला होता. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलीत एकत्र आलं की असा काळा रंग होतो; जुनी शाई याच रसायनावर बनायची. म्हणून बाहेरच्या दाराला लोखंडी स्क्रू नकोत, पितळी हवेत. पितळी स्क्रू मऊ असतो, कठीण लाकडात पिळताना त्याचं डोकं तुटतं. त्यासाठी आधी भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आत घालून आटे पाडून घ्यायचे, तो काढायचा, आणि मग पितळी स्क्रूला साबण लावून बसवायचा.

सुतारकाम मला शिकवलं नंदगडकडच्या एका मेस्त्रींनी. सगळं गाव त्यांना मामा म्हणतं, मीही. मामांचे हात आता थरथरतात, पण करवतीचा आवाज ऐकून ते सांगतात, पातं वाकडं चाललंय. माझ्या तुळया पाहायला ते आले, चिरलेल्या पट्ट्या एकेक उचलून टोकाकडून बघत बसले.

“ही मधली घे उभीला. हिच्या रेघा बघ कशा उभ्या हाईत. आणि ही नको, हिच्यात पांढरं आलंय.”

पांढरं म्हणजे सालीजवळचा कोवळा भाग. सागवान वाळवीला दाद देत नाही असं जे म्हणतात ते त्याच्या गाभ्याबद्दल खरं आहे. पांढऱ्या भागात ती ताकद नसते. भुंगा तिथं शिरतो आणि पीठ पाडतो. दुकानात “पक्का सागवान” म्हणून घेतलेल्या चौकटी पोखरल्या जातात त्या बहुतेक वेळा याच भागातून. विकत घेणाऱ्यानं चौकटीचं टोक पाहावं, रंगवलेली बाजू नव्हे. टोकाला रंगाचा फरक लगेच दिसतो.

“मामा, गोंद मोप लावतो,” मी म्हटलं.

“लाव की. पण कूस अशी कर की गोंद न्हाई लावला तरी दार उभं राहिलं पाहिजे.”

त्यानंतर कुशीवरच माझा सगळा जीव लागला. आडव्या पट्टीच्या टोकाला जी जीभ काढतात ती कूस, आणि उभ्या पट्टीत तिच्यासाठी पाडायचं ते भोक. बाहेरच्या दाराला कूस आरपार पाहिजे, म्हणजे उभ्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला तिचं टोक दिसलं पाहिजे. भोक बाहेरच्या तोंडाशी किंचित रुंद करायचं, कूस बसली की तिच्या दोन्ही अंगाला पाचरी ठोकायच्या. पाचरी आत गेल्या की टोक फुलतं आणि मग ती कूस मागं सरकतच नाही. लाकडाची जाडी दीड इंच, कुशीची जाडी तिच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, अर्धा इंच. सगळ्यांत खालची आडवी पट्टी दहा इंच रुंद ठेवली, कारण लाथ, झड आणि झाडूचं पाणी तिलाच झेलायचं असतं. तिला दहा इंचांची एकच कूस काढली तर उभ्या पट्टीत तेवढं लांब भोक पडून ती कमजोर होते. शिवाय एवढी रुंद कूस आकसली की भोकात खुळखुळते. म्हणून तिच्या दोन कुशी करायच्या, मध्ये लाकूड शिल्लक ठेवायचं. सागवानाच्या अंगातलं तेल गोंदाला धरू देत नाही. जोडण्याआधी कुशी ॲसिटोननं पुसून घेतल्या आणि पाण्याला न विरघळणारा गोंद वापरला.

भोकं पाडायला यंत्र आहे, पण पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडं विजेचा भरवसा नसतो. बरीचशी भोकं गिरमिटानं मधला माल काढून पटाशी-मोगरीनं साफ केली. हातानं भोक पाडताना दोन्ही बाजूंनी मध्याकडं यावं लागतं, नाहीतर पलीकडच्या बाजूला लाकूड ढलप्या होऊन फुटतं. पटाशीला धार असली की सागवान आवाज न करता कापला जातो. धार गेली की तो चुरतो. मी दर दोन भोकांमागं दगडावर बसायचो. उद्यमबागेत धार लावून देणारा वेगळा माणूस असतो. इथं धार लावणं हा कामाचाच भाग आहे आणि मला त्यात फार समाधान मिळालं.

पॅनेलांच्या बाबतीत एक गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण चांगले चांगले मेस्त्रीही घाईत ती सोडतात. पॅनेलला खोबणीत गोंदाचा थेंबही लागता कामा नये. वरच्या आणि खालच्या काठाला बरोबर मध्यावर एक बारीक बांबूची मेख, बस्स. म्हणजे ते दोन्ही बाजूंना सारखं हलतं. आणि पॅनेलाला तेल किंवा पॉलिश सांगाड्यात बसवण्याआधीच, काठांसकट, करून घ्यायचं. बसवल्यावर रंगवलं तर पहिल्या उन्हाळ्यात पॅनेल आकसतं आणि खोबणीतून न रंगवलेली फिकट रेघ बाहेर येते. ती नजरेला टोचते, पण खरं नुकसान पुढच्या पावसाळ्यात होतं, कारण त्या कोऱ्या काठातून पाणी आत शिरतं.

खोबणीत किती जागा सोडायची ते महिन्यावर ठरतं. मी दार वैशाखात जोडलं, लाकूड सर्वांत आकसलेलं असताना. त्यामुळं पॅनेलाच्या दोन्ही बाजूंना फुगायला भरपूर जागा ठेवली, आणि दार व चौकट यांच्यामध्ये कुलपाच्या बाजूला चार मिलिमीटर. पाहायला आलेल्या शेजाऱ्यांना ती फट खटकली.

“एवढी फट? साप शिरंल की रं!” असं एक आक्का म्हणाल्या.

हेच दार श्रावणात जोडलं असतं तर दोन मिलिमीटर पुरले असते. जुने सुतार हे पंचांगासारखं पाठ ठेवायचे. आज कारखान्यात बाराही महिने एकच माप कापतात, आणि ते माप ज्या गावात जाणार तिथली हवा कुणी विचारत नाही.

चौकट मी पाच बाय तीन इंचांची केली, सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद. चारही बाजू धरून एकवीस फूट लाकूड, म्हणजे दोन घनफुटांहून थोडं जास्त. उंबरठा मत्तीचा. ऐनाला आमच्याकडं मराठी घरांतही कानडी नावानं मत्तीच म्हणतात. ते लाकूड जड, चिवट, पायांनी झिजत नाही. वाळताना मात्र तडकतं, म्हणून त्याची दोन्ही टोकं आधीपासून मेणानं बंद करून ठेवली होती. घराच्या भिंती जांभ्याच्या. जांभा दगड सच्छिद्र, पावसाळाभर पाणी धरून ठेवतो, आणि चौकटीची पाठ त्याला टेकलेली. म्हणून पाठीला डांबराचे दोन हात दिले आणि चौकटीचे पाय मातीत न पुरता कडाप्प्याच्या तुकड्यावर टेकवले. वाळवी वर चढते ती मातीच्या बोगद्यातून. उघड्या दगडावर तिचा बोगदा दिसतो आणि झाडूनं काढता येतो.

चौकट उभी करायच्या दिवशी आईनं हळदकुंकू लावलं, उंबरठ्याखाली सुपारी आणि नाणं ठेवलं, मामांना टॉवेल, टोपी, नारळ दिला. ओळंबा लावताना मामा स्वतः पुढं झाले. पाणसळीपेक्षा त्यांचा ओळंब्यावर विश्वास. दोन्ही बाह्या, म्हणजे चौकटीच्या उभ्या बाजू, समोरून तर उभ्या हव्यातच, पण बाजूनं पाहिल्यावरही एका रेषेत हव्यात. एक बाही आत, एक बाहेर कललेली असली तर कितीही सरळ दार केलं तरी ते वर लागतं, खाली उघडं राहतं.

आणि पाणी. बाहेरच्या दाराचं निम्मं काम पाण्याला वाट दाखवण्याचं असतं. पाणी सपाट जागेवर थांबतं, बारीक फटीत स्वतःहून चढतं आणि काठाच्या खालून उलटं मागं सरकतं. या तिन्ही खोड्या ओळखल्या की उपाय साधे आहेत. पॅनेलाखालच्या आडव्या पट्टीची वरची कड बाहेरच्या बाजूला उतरती रंधली, म्हणजे तिथं थेंब बसत नाही. उंबरठ्याचा बाहेरचा भाग उतरता केला. दाराच्या तळाशी बाहेरच्या अंगाला एक तिरकी पट्टी बसवली, आणि तिच्या खालच्या बाजूला, काठापासून अर्धा इंच आत, लांबलचक खाच पाडली. पट्टीवरून ओघळलेलं पाणी तळाला चिकटून आत सरकायला लागलं की या खाचेपाशी त्याची साखळी तुटते आणि ते तिथंच टपकतं. खिडकीच्या छज्जाखाली गवंडी जी रेघ ओढतात तिचं कारणही हेच. दाराच्या बैठकीच्या जागी, चौकटीच्या कडेलाही मी अशी उभी खाच दिली, कारण दोन लाकडं अगदी चिकटून राहिली की त्यांच्यामधल्या फटीतून पाणी वर चढतं.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे दाराचा तळ. तो कुणाला दिसत नाही, म्हणून रंगाऱ्याचा ब्रश तिथं पोचत नाही. पण उभ्या पट्ट्यांची कापलेली टोकं तिथं असतात, आणि लाकूड टोकाकडून जेवढं पाणी पितं त्याच्या मानानं अंगावरून पितं ते काहीच नाही. झाड जिवंत असताना पाणी त्याच वाटेनं वर चढत होतं, ती वाट उघडीच असते. दार टांगण्याआधी आडवं ठेवून तळाला पातळ इपॉक्सीचे हात दिले. ते पिऊन पिऊन थांबेपर्यंत देत राहिलो.

दाराचं वजन ४० किलोच्या घरात गेलं. पितळी पाच इंची बिजागऱ्या तीन. त्यांतली मधली बरोबर मध्यावर न लावता थोडी वर लावली, कारण दार ओढतं ते वरच्या बिजागरीला. कुलपाच्या बाजूची कड चौकटीच्या बैठकीकडच्या अंगाला दोन-तीन अंश उतरती रंधली. दीड इंच जाडीचं दार फिरताना त्याचा बैठकीकडचा कोपरा चौकटीला घासतो. हा उतार दिला की फट न वाढवता दार मोकळं फिरतं. टांगताना खाली पहार आणि लाकडाचा तुकडा घालून पायानं उचलायचं, एकानं धरायचं, एकानं वरचा स्क्रू पिळायचा. माझ्या पुतण्यानं धरलं. पहिल्यांदा लोटलं तेव्हा ते कुठंही न लागता गेलं आणि चौकटीत जड, भरीव आवाज करून बसलं. त्या आवाजासाठी मी हे सगळं केलं असं म्हटलं तरी चालेल. पोकळ दाराला तो येत नाही.

रंगाबद्दल लोकांची मतं ठाम असतात, माझंही आहे. पश्चिमेच्या उन्हात चकचकीत वॉर्निशचा थर टिकत नाही. ऊन तो ठिसूळ करतं, खाली लाकूड हलत असतं, थराला चीर पडते, चिरेतून पाणी आत जातं आणि मग थरामुळंच ते बाहेर पडू शकत नाही. लाकूड आतून काळं पडतं आणि पुढं सगळं खरवडून काढण्याशिवाय इलाज राहत नाही. मी बेलतेल, म्हणजे जवसाचं तेल, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून दिलं, हातावर हात. तेलाचा थर उकलत नाही कारण तो वर बसतच नाही. त्याचा तोटाही सांगायला हवा: जवसाच्या तेलावर पावसाळ्यात बुरशीचे बारीक काळे ठिपके येतात. ते दसऱ्याला साबणाच्या पाण्यानं आणि ब्रशनं निघतात. दरवर्षी रोहिणी लागली की, पाऊस तोंडावर असताना, एक सकाळ काढून परत तेल द्यायचं. ज्याला ही एक सकाळ द्यायची नसेल त्यानं जाड रंग द्यावा, तो वॉर्निशपेक्षा ऊन चांगलं सोसतो.

आणि हे मी घरात तेल वापरणाऱ्या प्रत्येकाला कळकळीनं सांगतो: बेलतेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळतं, वाळताना तापतं, आणि बोळ्याच्या आत ती उष्णता कोंडली की काडी न लावता फडकं पेटतं. गोठ्यात भुसा असतो, रंध्याची सालपटं असतात. फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवायची, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवायची.

आर्द्रेत झड आली तेव्हा मी रोज दाराच्या कडेला फटीत पट्ट्या सारून माप घ्यायचो. ही कारखान्यातली सवय आहे आणि ती मला सोडायची नाही. चारच्या जागी साडेतीन, मग तीन, श्रावणाच्या मध्याला दोनच्या थोडं वर, आणि तिथं ते थांबलं. वहीतल्या आकड्याच्या इतकं जवळ लाकूड येईल असं वाटलं नव्हतं. तळाच्या पट्टीवरून पाणी ओघळून खाचेपाशी टपकत होतं, उंबरठ्याच्या आतली फरशी कोरडी होती. आक्का परत आल्या तेव्हा त्यांनी फट शोधली आणि हात फिरवून पाहिला. त्यांच्या घराचंही दार पश्चिमेला आहे. मामा त्यांच्याकडं माप घ्यायला गेले, मी सोबत टेप धरायला.

मागच्या वर्षीच्या वादळात परसातला फणस पडला. परवानगीचे कागद करून तो चिरून आणलाय, आता मागचं दार त्यातनं करायचं. फणसाचं लाकूड पिवळं धमक असतं, वर्षागणिक तांबूस होत जातं, आणि वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. फळ्या माळ्यावर रचल्यात, दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या काठ्या घालून, म्हणजे हवा दोन्ही अंगांनी फिरते. ओल्या लाकडातलं मोकळं पाणी आधी निघून जातं, तेव्हा ते आकसत नाही. सुमारे ३० टक्क्यांच्या खाली आलं की खरं आकसणं सुरू होतं, आणि वाकणं-पिळणं त्याच काळात होतं. कुठवर आलंय हे कळायला महागडं यंत्र लागत नाही. एका फळीचा मधला वीतभर तुकडा कापून, त्याची टोकं मेणानं बंद करून, फळ्यांमध्येच ठेवलाय. दर अमावास्येला तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो आणि वजन माळ्याच्या वाशावर खडूनं लिहितो. आई म्हणते, दसऱ्याला काम धर, मुहूर्त चांगलाय. मी तिला वाशावरचे आकडे दाखवले. वजन अजून उतरतंय. दोन अमावास्यांना तोच आकडा आला की मग रंधा.